रॅकेटचे रबर : खेळाडूंची मते किती खरी?

टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी पाच मिनिटे उभे राहिले, की रॅकेटच्या रबराविषयी चारपाच मते सहज कानावर पडतात. "हे रबर फार फास्ट आहे." "याला स्पिन जबरदस्त, पण कंट्रोल नाही." "लाँग पिंपल फिरकी उलटी करून टाकते." "चेंडू यात रुततो, म्हणून हवा तसा वळवता येतो." कोल्हापूर हे कुस्तीचे आणि फुटबॉलचे गाव, तरी इथल्या शाळा-महाविद्यालयांतील टेबलांभोवतीही ही भाषा आम्ही ऐकत आलो आहोत. बोलणारी मुले आठवी-नववीतील असतात, आणि अनुभवी खेळाडूचे ऐकलेले मत ती स्वतःचेच असल्यासारखे ठामपणे सांगतात.

या मतांची चिकित्सा करण्यास आमच्या दृष्टीने दोन कारणे आहेत. पहिले पैशाचे. चांगल्या परदेशी रबराच्या एका तावाला आज काही हजार रुपये पडतात, रॅकेटला दोन ताव लागतात, आणि नियमित सराव करणाऱ्याला ते वरचेवर बदलावे लागतात. हा खर्च बहुतेक वेळा कोणाच्या तरी मतावर विसंबून केला जातो. दुसरे कारण शिक्षणाचे. जाणकाराचे मत, कारखान्याने छापलेला आकडा आणि प्रयोगाचा निष्कर्ष या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर लिहून मुलांच्या गळी उतरत नाही. इथे मात्र मुलांना आधीपासूनच रस आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. खेळाडूचे मत निरीक्षण म्हणून बहुधा प्रामाणिक आणि पुष्कळदा सूक्ष्म असते. कारणमीमांसा म्हणून ते वारंवार चुकते. आणि दोन रबरांची तुलना म्हणून, आज ते ज्या रीतीने दिले जाते त्या रीतीने, त्यावर फारसे विसंबता येत नाही.

मुंबई, १९५२

रबराविषयीच्या मतभेदाचे सर्वांत गाजलेले प्रकरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशियात ती प्रथमच होत होती आणि जपानचा संघ तीत प्रथमच उतरला होता. त्या काळी बहुतेक खेळाडू लाकडी फळीवर बारीक उंचवट्यांचे पातळ रबर चिकटवून खेळत. जपानच्या हिरोजी सातोहने मात्र फळीवर जाड स्पंज लावला होता. हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला अंतिम सामन्यात हरवून तो पुरुष एकेरीचा जगज्जेता झाला.

हरलेल्यांच्या तक्रारीत एक गोष्ट ठळक होती : सातोहच्या रॅकेटला आवाजच नव्हता. पातळ रबरातून चेंडूचा आघात लाकडापर्यंत पोचतो आणि लाकूड वाजते. फटका किती जोराचा होता आणि चेंडू नीट बसला की घासून गेला, याचा अंदाज समोरचा खेळाडू डोळ्यांइतकाच कानांनी घेत असतो. स्पंजाने आघात मऊ केला आणि ही खूण नाहीशी झाली. त्या स्पर्धेत सातोहकडून हरलेला अमेरिकेचा मार्टी राइझमन आयुष्यभर स्पंजाविरुद्ध बोलत राहिला. जुन्या पद्धतीच्या रॅकेटवरील अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा त्याने १९९७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, जिंकून दाखवली.

आवाजाची ही तक्रार रडवेपणाची नव्हती, हे पुढे दिसून आले. १९८० च्या सुमारास काही खेळाडू रॅकेटच्या दोन बाजूंना अगदी भिन्न गुणांची, पण एकाच रंगाची रबरे लावत. रॅकेट हातात फिरवली की कोणत्या बाजूने फटका आला हे डोळ्यांना कळत नसे, आवाजावरून कळे. तेव्हा सर्व्हिस करताना नेमक्या क्षणी जमिनीवर पाय आपटून तो आवाज बुडवण्याची युक्ती निघाली! अखेर दोन बाजूंना दोन रंग असावेत असा नियम करावा लागला, आणि १९८६ पासून एक बाजू काळी व दुसरी तांबडी हे ठरून गेले. २०२१ पासून काळ्याबरोबर आणखी काही रंग चालतात. पण दोन्ही बाजू वेगळ्या दिसल्याच पाहिजेत.

आता मुंबईच्या निकालावरून "स्पंज श्रेष्ठ" असे म्हणावे काय? सातोहला जागतिक एकेरीचे अजिंक्यपद पुन्हा मिळाले नाही. म्हणजे मुंबईतील यशात स्पंजाच्या गुणाबरोबर प्रतिस्पर्ध्यांच्या अपरिचयाचाही वाटा असावा. पण दोनच वर्षांनी, १९५४ साली, लंडनला इचिरो ओगिमुरा स्पंजावरच जगज्जेता झाला. म्हणजे सगळेच श्रेय अपरिचयाला देता येत नाही. सामन्याच्या निकालात रबर, खेळाडू आणि समोरच्याची सवय हे तिन्ही घटक एकत्र मिसळलेले असतात. "अमुक त्यावर जिंकला" या पुराव्यातून ते वेगळे काढता येत नाहीत.

१९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने वादाचा निकाल मोजपट्टीने लावला. नुसता स्पंज बाद झाला. उंचवटे बाहेर असलेले साधे रबर चिकटद्रव्यासह २ मिलिमीटरपर्यंत, किंवा स्पंजावर रबर चढवलेला जोडताव ४ मिलिमीटरपर्यंत, एवढेच मान्य झाले. मर्यादा आजही तीच आहे. आपण दुकानात ज्याला नुसते 'रबर' म्हणतो तो हा जोडताव होय.

'फिरकी उलटवणारे' रबर

मतांतील कारणमीमांसा कशी घसरते, याचे उत्तम उदाहरण लाँग पिंपलचे आहे. या रबराचे उंचवटे बाहेर, लांब आणि लवचिक असतात. अनुभव असा, की प्रतिस्पर्ध्याने टॉपस्पिन मारला आणि आपण लाँग पिंपलने नुसता ब्लॉक केला, तर चेंडू बॅकस्पिन घेऊन परत जातो. त्यावरून सर्रास म्हटले जाते, की हे रबर चेंडूची फिरकी उलटवते.

निरीक्षण अगदी बरोबर आहे. कारण मात्र नेमके विरुद्ध आहे!

टॉपस्पिन म्हणजे चेंडूचा वरचा भाग त्याच्या प्रवासाच्या दिशेने फिरणे. पुढे धावणाऱ्या एस.टी.च्या चाकाची फिरकी तशी असते. आता कल्पना करा, की चिखलात रुतलेली गाडी दोराने मागे ओढली जात आहे आणि चाके मात्र पुढच्याच दिशेने गरगरत आहेत. चाकांच्या फिरण्यात काही बदल झालेला नाही. बदलली ती गाडीच्या प्रवासाची दिशा. त्या नव्या दिशेच्या मानाने पाहिले तर चाकाचा वरचा भाग आता उलट जात आहे, आणि चेंडूच्या भाषेत हाच बॅकस्पिन.

लाँग पिंपलचे उंचवटे चेंडूखाली वाकतात व घसरतात. पकड कमी असल्यामुळे चेंडूचे परिवलन ते फारसे अडवीत नाहीत. चेंडू दिशा बदलतो आणि फिरकी आपली होती तशीच चालू ठेवतो. याउलट गुळगुळीत, पकड असलेल्या नेहमीच्या रबराने टॉपस्पिनला टॉपस्पिननेच उत्तर द्यायचे, तर येणारी फिरकी थांबवून ती उलट दिशेने सुरू करावी लागते. फिरकी उलटवते ते हे नेहमीचे रबर. ज्याच्यावर आरोप आहे, ते लाँग पिंपल बिचारे तिला हातही लावत नाही.

चेंडूवर शाईने जाड पट्टा ओढून हे वर्गात दाखवता येते. आणि हा केवळ शब्दच्छल नाही. ज्या मुलाला हे समजले, त्याला पुढचे आपोआप कळते : लाँग पिंपलकडे बिनफिरकीचा चेंडू टाकला तर परत येणाऱ्या चेंडूतही फारशी फिरकी नसणार. ज्याने "रबर फिरकी निर्माण करते" एवढेच पाठ केले, तो तिथे फसतो.

मनिका बत्राने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा तिच्या बॅकहँडच्या लाँग पिंपलची मोठी चर्चा झाली. "पिंपलमुळे जिंकली" हेही मत त्यातलेच. पण तिच्या रॅकेटच्या दोन बाजूंचे रंग प्रतिस्पर्ध्यांना स्पष्ट दिसत होते, आणि तसेच रबर कोणालाही विकत मिळत होते. रॅकेट कोणत्या क्षणी फिरवायची, हे मात्र कोणत्याही तावाबरोबर मिळत नाही.

चेंडू 'रुततो' तेव्हा

"चेंडू रबरात रुतून राहतो, त्या वेळात त्याला दिशा देता येते" हेही असेच एक मत. चेंडू आणि रबर यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे एक हजाराव्या भागाएवढाच टिकतो. हाताला झालेला स्पर्श मेंदूला कळून स्नायूंनी त्याला उत्तर द्यायला त्याच्या शंभर-दीडशे पट वेळ लागतो. सेकंदाला १० मीटर वेगाने निघालेला चेंडू ०.१५ सेकंदात दीड मीटर जातो. टेबलाची लांबी २.७४ मीटर असते. म्हणजे टेबलाच्या कडेशी मारलेला चेंडू "आता वळवतो" असे वाटेपर्यंत जाळीच्या पलीकडे पोचलेला असतो.

मग खेळाडूला जे जाणवते ते खोटे काय? मुळीच नाही. फळीचे कंपन, आवाज आणि फटक्याचा परिणाम या तिन्हींची मिळून ती एक जाणीव आहे, आणि मऊ व कठीण स्पंजांत ती खरोखर वेगळी असते. चूक जाणिवेत नसून तिच्यावर लावलेल्या चिठ्ठीत आहे.

पाकिटावरचे आकडे

मते सोडून आकड्यांकडे वळावे, असे विज्ञानाच्या शिक्षकाला साहजिकच वाटेल. पण रबराच्या पाकिटांवर आणि जाहिरातींत छापलेले 'वेग', 'फिरकी' आणि 'नियंत्रण' यांचे गुण पाहा. त्यांना एकक नसते. कोणत्या फळीवर, कोणत्या वेगाच्या आघाताला ते मोजले, हे सांगितलेले नसते. प्रत्येक कंपनीची गुण देण्याची पद्धत आपापली. आणि 'नियंत्रण' हा तर एकट्या रबराचा गुणच नव्हे. खेळाडूशिवाय त्याला अर्थ नाही. दशांशचिन्ह असले म्हणजे ते मोजमाप झाले, असे नव्हे. हीही मतेच आहेत, फक्त त्यांना आकड्यांचा पोशाख चढवला आहे.

स्पंजाचा कठीणपणा अंशांत देतात, तो तरी खऱ्या अर्थाने मोजलेला असतो. पण चीन, जपान आणि युरोप येथील उत्पादकांच्या मोजपट्ट्या एक नाहीत. एका कंपनीचे ४० अंश दुसरीच्या ४७ अंशांहून कठीण लागू शकतात. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत कोणी "ओतीवाचा कठीणपणा २००" एवढेच सांगितले, तर पुढचा प्रश्न "ब्रिनेल की रॉकवेल?" हाच येईल. कोल्हापूरच्या कामगाराला जे कळते, ते रबराच्या ग्राहकानेही विचारायला हवे.

काही वेळा तर खेळाडूचे मत छापील आकड्याहून सरस असते. "मऊ स्पंज हलक्या फटक्याला चेंडू जोरात फेकतो, पण पूर्ण ताकदीने मारले की त्याचा तळ लागतो" असे मुरलेले खेळाडू सांगतात. या वाक्यात दोन वेगांवरची दोन निरीक्षणे आहेत. 'वेग' या एकाच गुणात ती मावणे शक्य नाही. हलक्या आघाताला स्पंजच बहुतेक दबतो. जोराच्या आघाताला तो पुरता दबून चेंडूला लाकूडच जाणवू लागते. शाळेत रॅकेट शिकंजात धरून, वरून चेंडू सोडून किती उसळतो हे मोजता येईल आणि जरूर मोजावे. पण ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू सेकंदाला जेमतेम २.४ मीटर वेगाने आदळतो. स्मॅशचा वेग याच्या अनेक पट असतो. आपल्या मोजमापाची ही मर्यादा मुलांना सांगायला आपण विसरता कामा नये.

स्पीड ग्लूची कथाही खेळाडूंच्या बाजूची आहे. १९७० नंतरच्या दशकात युरोपातील काही खेळाडूंच्या लक्षात आले, की सायकलच्या पंक्चरला वापरतात तशा सोल्यूशनने रबर चिकटवले तर ते अधिक चपळ होते. द्रावकाने स्पंज फुगून वरचे रबर ताणले जाते, हे त्याचे कारण. हा शोध टेबलाशेजारीच लागला. पुढे द्रावकाच्या वाफांचा आरोग्याला धोका म्हणून २००८ पासून त्यावर बंदी आली.

गुळव्याचे मत आणि खेळाडूचे मत

मग जाणकाराचे मत केव्हा मानावे? आमच्या जिल्ह्यातील गुऱ्हाळाकडे पाहिले तर उत्तर सापडते. काहिलीतला पाक उतरवण्याची वेळ गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी पाहतो आणि सांगतो, "उतरवा." तापमापक लावला तर पारा ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी दिसेल. गुळव्याजवळ तापमापक नसतो, तरी त्याच्या मताला किंमत आहे. कारण ते मत दर आधणाला तपासले जाते. काही वेळाने ढेप नीट बसते किंवा बसत नाही. लवकर उतरवला तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. चूक लपत नाही, म्हणून बोटे शिकत जातात.

खेळाडूच्या फटक्यालाही अशीच तपासणी आहे : चेंडू टेबलावर पडतो किंवा बाहेर जातो. म्हणून फटक्याविषयीचे त्याचे ज्ञान खरे. पण "हे रबर त्या रबरापेक्षा चांगले" या मताची तपासणी कोण करतो? तावाचे नाव त्याला ठाऊक असते, किंमत त्यानेच मोजलेली असते, आणि जगज्जेता तेच वापरतो हे त्याने वाचलेले असते. शिवाय तुलना बहुधा अशी होते : सहा महिने झिजलेले एक रबर काढले आणि दुसऱ्या जातीचे कोरे लावले. वापराने, धुळीने आणि हवेतील ऑक्सिजन-ओझोनमुळे रबराची पकड कमी होत जाते. कोणतेही कोरे रबर जुन्यापेक्षा पकडीला सरस वाटणारच. म्हणजे परीक्षा झाली ती नव्या-जुन्याची, आणि निकाल मात्र जातीच्या नावावर जमा झाला. आमच्याकडील जुलैची भर घाला : दमट हवेत रबरावर आणि चेंडूवर बाष्पाचा पातळ थर बसून घर्षण घटते. पावसाळ्यात पहिल्यांदा लावलेले रबर "घसरते" म्हणून बदनाम व्हायचे आणि हिवाळ्यात लावलेले नावाजले जायचे!

मताला तारीखही हवी. ऑक्टोबर २००० पासून चेंडूचा व्यास ३८ ऐवजी ४० मिलिमीटर झाला, आणि २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचे चेंडू आले. सेल्युलॉइडच्या चेंडूवर बनलेले मत आजच्या चेंडूला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

शाळेत करण्याजोगी परीक्षा

एक सोपी परीक्षा सुचवतो. नवे रबर विकत घेण्याआधीच ती करावी, प्रश्नही पालकांच्या खिशाशी संबंधित असा घ्यावा : "जुने रबर खरोखरच बदलण्याजोगे झाले आहे काय?"

एकाच बनावटीच्या दोन फळ्या घ्याव्यात. एकीवर बरेच वापरलेले रबर असावे, दुसरीवर त्याच जातीचे, त्याच जाडीचे, त्याच रंगाचे कमी वापरलेले. दुसरी रॅकेट मित्राकडून उसनी मिळते. दोन्ही तागडीत तोलाव्यात आणि हलकीच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळून वजने सारखी करावीत. मुठीजवळचा छापील मजकूर दोन्हींवर सारख्याच पट्टीने झाकावा. दोन्ही रबरे पुसून घ्यावीत. खेळाडूला 'क' आणि 'ख' अशा नावांनी दोन्हींवर दहा-दहा मिनिटे खेळू द्यावे. मग पडद्याआड नाणे उडवून एक रॅकेट निवडावी. ती हातात देणाऱ्याला व समोर खेळणाऱ्यालाही कोणती निवडली हे ठाऊक नसावे. नाहीतर चेहऱ्यावरून उत्तर फुटते. खेळाडूने रबराकडे न्याहाळून न पाहता वीस चेंडू खेळावेत आणि 'क' की 'ख' ते सांगावे. असे दहा वेळा करावे.

नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे शंभरात पाचाहून थोडी अधिक आहे. नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात जेमतेम एक. अकरावी-बारावीची मुले हे द्विपद विस्ताराने काढतील. लहान वर्गांनी दहा-दहा वेळा नाणी उडवून तक्ता करावा. खेळाडूने नऊ वेळा बरोबर ओळखले, तर त्याच्या हाताला फरक कळतो असे मानावे, आणि त्यानंतरच "कोणते चांगले?" हा प्रश्न विचारावा. ओळखताच आले नाही, तर पसंतीच्या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

या परीक्षेचे उणेही सांगितले पाहिजे. वीस चेंडूंत न कळणारा फरक महिनाभराच्या सरावात कळू शकतो. लाँग पिंपल आणि गुळगुळीत रबर यांची तुलना झाकून करता येत नाही, कारण ती पाहताच ओळखू येतात. आणि एका खेळाडूचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही. पण "मला वाटते" यापुढे एक पाऊल टाकायला एवढी सामग्री पुरेशी आहे.

त्याबरोबर एक शिस्त लावावी. शाळेच्या खेळघरात रबराविषयी मत देणाऱ्याने पाच गोष्टी लिहून द्याव्यात : ताव किती महिने वापरलेला आहे, स्पंजाची जाडी किती, चेंडू कोणता, महिना कोणता, आणि मत देताना रबराचे नाव माहीत होते की नव्हते. खेळाडूला गप्प बसवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या हाताला जे कळते ते आपल्या फूटपट्टीला अनेकदा कळत नाही. त्याचे म्हणणे दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात त्याने मांडावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि दहा वेळांच्या त्या परीक्षेत "फरक ओळखता आला नाही" असा निकाल निघाला, तर प्रयोग फसला असे कोणी समजू नये. त्या घरातले काही हजार रुपये त्या दिवशी वाचले, हा निष्कर्ष वहीत जरूर लिहावा.